सेरेब्रल पाल्सी: मेंदूतली इजा, वाढणारे मूल आणि घरातले रोजचे दिवस

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूची वाढ होत असताना त्याला इजा झाल्यामुळे हालचालीत आणि शरीराच्या तोलात आलेली कायमची अडचण. ही इजा गर्भात, बाळंतपणाच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत होते. हा संसर्ग नाही, एकाचे दुसऱ्याला होत नाही. जगभरात हजार जिवंत जन्मांमागे साधारण 2 ते 3 बालकांत ही स्थिती आढळते. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. पण मूल वाढत असते, आणि बहुतेक पालकांचा गोंधळ इथेच होतो.

मी देवळीत जनरल प्रॅक्टिस करतो. मी मेंदूविकारतज्ज्ञ नाही, बालरोगतज्ज्ञही नाही. तरी अशा मुलाबद्दलचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा माझ्यासारख्या डॉक्टरलाच विचारला जातो, आणि तोही दुसऱ्याच निमित्ताने. बाळाला सर्दीसाठी आणलेले असते. औषध लिहून झाल्यावर आजी दारातून मागे वळते: "डॉक्टरसाहेब, पोरगं मान नाही धरत जी. पण आमच्या घरचे सगळेच उशिरा चालले."

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका आईला मी "थांबा, येईल बसायला" असे सांगितले होते. बाळ तेव्हा नऊ महिन्यांचे होते. ते परत आले तेव्हा दीड वर्षाचे झाले होते आणि उभे धरले की त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत होते. ते नऊ महिने मला त्याला परत देता आले नाहीत. "थांबा" हा शब्द तेव्हापासून मी फार जपून वापरतो.

इजा जन्माच्या वेळी, मग ती सहा महिन्यांनी का दिसते?

जन्मलेल्या बाळाचा मेंदू साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असतो. मोठ्या माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅम. ही वाढ बहुतेक पहिल्या पाच वर्षांतच उरकते आणि त्यातही पहिली दोन वर्षे सर्वांत वेगाची. नवजात बाळाच्या पुष्कळशा हालचाली मेंदूच्या खालच्या भागातून आणि मज्जारज्जूतून होतात. चोखणे, मूठ वळणे, दचकणे यांसाठी मेंदूच्या वरच्या थराची फारशी गरज लागत नाही. त्यामुळे वरच्या थराला किंवा त्यातून खाली येणाऱ्या तंतूंना इजा झालेली असली, तरी बाळ पहिले काही महिने अगदी ठीक दिसू शकते. चौथ्या-पाचव्या महिन्यात जेव्हा मुद्दाम हात पुढे करून वस्तू पकडायची वेळ येते, तेव्हा उणीव उघडी पडते. शेतात पेरलेले उगवले की नाही हे पेरणीच्या दिवशी कळत नाही, तसेच हे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जन्माच्या वेळी मेंदूच्या प्रत्येक बाजूकडून दोन्ही हातांकडे तंतू गेलेले असतात. पुढच्या महिन्यांत जो रस्ता वापरात राहतो तो पक्का होतो आणि जो वापरला जात नाही तो मागे पडतो. म्हणजे मेंदू हालचाल घडवतो आणि हालचालही मेंदूला घडवते. हात पुढे करून खुळखुळा ओढणाऱ्या बाळाला अंतर कळते, वजन कळते, आपण काही केले की काही घडते हे कळते. पाठीवर पडून राहिलेल्या बाळाला यातले फारसे मिळत नाही. इजा छोटी असली तरी अनुभवच कमी पडला, तर तोटा मोठा होतो. लवकर सुरुवात करा असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

मेंदूचा कोणता भाग, तसा त्रास

सर्वांत जास्त दिसतो तो ताठरपणाचा प्रकार. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेचे पांढरे द्रव्य नाजूक असते. पायांकडे जाणारे तंतू त्या कडेच्या सर्वांत जवळून जातात. म्हणून अशा मुलांचे पाय जास्त ताठर आणि हात त्या मानाने बरे असतात. मूल चवड्यांवर चालते, गुडघे एकमेकांना घासतात. मेंदूच्या एकाच बाजूला इजा असेल तर शरीराच्या विरुद्ध बाजूचा हात-पाय कमी चालतो. इजा दोन्हीकडे आणि मोठी असेल तर चारही अवयव, मान, गिळणे आणि बोलणे या सगळ्यांवर परिणाम होतो.

दुसऱ्या प्रकारात अंग कधी सैल, कधी अचानक पिळल्यासारखे होते. मूल बोलायला गेले की चेहरा आणि हात वाकडे होतात, आणि झोपले की सगळे शांत. यात मेंदूच्या खोल गाठींना इजा असते. नवजात बाळाची कावीळ हाताबाहेर गेली तर नेमक्या याच भागांवर आघात होतो. तोल आणि नेमकेपणा बिघडवणारा तिसरा प्रकार कमी आढळतो.

काविळीबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण हे टाळता येण्यासारखे आहे. बाळाचे तळहात-तळपाय पिवळे दिसले, बाळ सुस्त होऊन दूध ओढेनासे झाले किंवा पहिल्याच दिवशी पिवळेपणा आला, तर सकाळच्या उन्हात धरून बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर गरोदरपणातच डॉक्टरांना आठवण करून द्या. आणि ट्रंकेतले जुने लंगोट-दुपटी काढताना त्यांना डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर ती बाळाला घालू नका. काही बाळांत रक्तपेशींतल्या एका विकराची जन्मजात कमतरता असते. डांबरगोळ्यांच्या वाफेने त्यांच्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ एकदम चढते.

कोणत्या खुणा दिसल्या तर थांबू नये

चार महिन्यांपर्यंत मान न धरणे. चार महिन्यांनंतरही अंगठा आत घेऊन मूठ घट्ट मिटलेली राहणे. लंगोट बदलताना मांड्या उघडायला जोर लावावा लागणे. नऊ-दहा महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणे. दीड वर्षापर्यंत न चालणे. बाळ वेळेआधी जन्मलेले असेल तर जितके आठवडे आधी, तितके वयातून वजा करून पाहायचे.

एक खूण घरचे लोक हमखास कौतुकाने सांगतात: "हा डावखुरा होणार, आत्तापासून सगळं डाव्या हातानंच घेते." पहिल्या वाढदिवसाच्या आत कोणतेही बाळ डावखुरे किंवा उजवे ठरत नाही. एकच हात वापरत असेल तर दुसरा तपासायचा.

जन्मताना न रडलेले, 32 आठवड्यांच्या आत जन्मलेले, नवजात अतिदक्षता कक्षात राहिलेले किंवा पहिल्या दिवसांत झटके आलेले बाळ असेल, तर खुणा दिसण्याची वाट पाहायची नाही. पहिल्या महिन्यापासून ठरवून तपासण्या करायच्या. आशाताई पहिल्या दीड महिन्यात घरी येतात, त्यांना हे सगळे सांगा. तिसऱ्या महिन्याच्या आसपास बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली पाहून प्रशिक्षित तज्ज्ञ बराच अंदाज बांधू शकतात.

उलट, शिकलेली गोष्ट मूल विसरू लागले, म्हणजे बसत होते ते बसेनासे झाले, तर ती सेरेब्रल पाल्सी नसून वेगळा आजार असू शकतो. मूल सकाळी बरे चालते आणि संध्याकाळी पाय वळतात असे रोज होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. असा एक दुर्मीळ आजार औषधाने चांगला सुधारतो. विदर्भात सिकलसेल बरेच आढळते. सिकलसेलच्या मुलाची एक बाजू अचानक लुळी पडली, तर तो मेंदूतला रक्तपुरवठ्याचा अडथळा समजून तासाभरात रुग्णालयात न्यायचे.

दोष कोणाचा?

हा प्रश्न मला सरळ विचारला जात नाही. सासू आईकडे बघते, आई जमिनीकडे, आणि मला कळते की घरात काय बोलणे झाले असेल. ग्रहणात बाहेर निघाली, विळी हातात घेतली, पपई खाल्ली. यांपैकी कशानेही मेंदूला इजा होत नाही.

1861 मध्ये लंडनच्या विल्यम लिटल या डॉक्टरांनी अवघड बाळंतपण आणि मुलांचा ताठरपणा यांचा संबंध मांडला. पुढे 1897 मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी, म्हणजे मानसशास्त्रवाल्याच फ्रॉइडनी, वेगळी शंका काढली: अवघड बाळंतपण हे कारण नसून गर्भातच काही बिघडल्याचा परिणाम असेल तर? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. आज आपल्याला माहीत आहे की बऱ्याच मुलांत इजा बाळंतपणाच्या आधीची असते: वेळेआधी जन्म, गर्भातला संसर्ग, जुळ्यांतल्या अडचणी, मेंदूची रचनाच वेगळी घडणे, कधी जनुकांतला बदल. आपल्याकडे जन्मताना गुदमरणे आणि कावीळ यांचा वाटा श्रीमंत देशांपेक्षा जास्त आहे, तोही खराच. एमआरआयमध्ये इजा कोणत्या काळातली असावी याचा बराच अंदाज येतो. काही मुलांत मात्र सगळे तपासूनही कारण हाती लागत नाही.

पुढच्या बाळंतपणासाठी काय करता येईल? वेळेआधी कळा येऊ लागल्या तर सोय असलेल्या रुग्णालयात लवकर पोहोचा. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट ही दोन्ही जन्माआधी द्यायची असतात. घरी थांबून काढलेले चार तास इथे महाग पडतात.

"याला समजते का?"

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांची बुद्धी सर्वसाधारण असते. चारातल्या एकाला बोलता येत नाही. बोलता न येणे आणि न समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपण त्या नेहमी एक करतो, डॉक्टरसुद्धा करतात. लाळ गळते, मान डुलते, म्हणून त्याच्यासमोर त्याच्याविषयी वाटेल ते बोलले जाते. ते सगळे ऐकत असते.

मुंबईत 1972 मध्ये मिठू आलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, कारण त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती आणि तिच्यासाठी इथे योग्य शाळाच नव्हती. मालिनी चिब पुढे लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेऊन आल्या आणि एका बोटाने टाइप करत त्यांनी आत्मचरित्र लिहिले. प्रत्येक मूल असे करेल असे मी म्हणत नाही. बौद्धिक अडचण असलेली मुलेही तितकीच आहेत. पण तपासल्याशिवाय ठरवू नका. कान आणि डोळे आधी तपासून घ्या, कारण न ऐकू येणाऱ्या मुलाला "मंद" ठरवणे फार सोपे असते. हो-नाही दाखवण्याची एक पद्धत ठरवा: डोळे वर म्हणजे हो, मान फिरवली म्हणजे नाही. पाण्याचे, जेवणाचे, शौचाचे, दुखण्याचे चित्र एका पुठ्ठ्यावर चिकटवा. खर्च शून्य.

इजा वाढत नाही, मग मूल मोठे होताना चालणे का बिघडते?

हाडे लांब होतात. ताठर स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत. त्यामुळे सहाव्या वर्षी चवड्यांवर का होईना चालणारे मूल अकराव्या वर्षी गुडघे वाकवून चालू लागते आणि लवकर दमते. घरच्यांना वाटते आजार वाढला. वाढलेले असते ते हाड आणि वजन. तीनातल्या एका मुलाचा खुब्याचा सांधा हळूहळू निसटतो आणि सुरुवातीला तो दुखतही नाही. म्हणून न चालणाऱ्या किंवा आधाराने चालणाऱ्या मुलाचा खुब्याचा एक्स-रे ठरावीक अंतराने काढावा लागतो. हे आपल्याकडे सर्वांत जास्त राहून जाते.

मूल चालेल का? दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसू लागलेली बहुतेक मुले पुढे चालतात, काही कुबडीने किंवा वॉकरने. चार वर्षांपर्यंतही बसता आले नाही तर स्वतः चालण्याची शक्यता फार कमी. हे सांगताना मला त्रास होतो, पण सांगतो, कारण नुसत्या चालण्याच्या आशेवर दहा वर्षे आणि दोन एकर वावर गेलेली घरे मी पाहिली आहेत. योग्य खुर्ची मिळालेले मूल शाळेत जाऊ शकते. जमिनीवर पडून राहिलेले जाऊ शकत नाही.

कशाचा उपयोग होतो

फिजिओथेरपिस्टने हात-पाय हलवून देणे ही उपचाराची फक्त सुरुवात आहे. मुलाने स्वतः, स्वतःला हव्या असलेल्या गोष्टीसाठी केलेली हालचाल मेंदूला शिकवते. चेंडू, वाटी, मांजर, काहीही चालेल. आठवड्यातून एकदा अर्धा तास थेरपीपेक्षा घरात दिवसभर विखुरलेली दहा-दहा मिनिटे जास्त कामाची. एक हात कमी चालत असेल तर चांगला हात रोज काही वेळ बांधून खेळवण्याची पद्धत आहे, ती थेरपिस्टकडून शिकून मगच करा.

पायाच्या आकाराचे प्लास्टिकचे स्प्लिंट टाच खाली ठेवते. मूल वाढले की ते बदलावे लागते. लहान झालेले स्प्लिंट घालून जखम करून घेतलेली मुले येतात. ताठरपणासाठी तोंडी औषधे, ठरावीक स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन आणि योग्य वयात शस्त्रक्रिया हे पर्याय आहेत. इंजेक्शनचा परिणाम तीन-चार महिने टिकतो, त्या काळात व्यायाम केला नाही तर पैसे वाया. मालिशने बाळाला बरे वाटते, आईचा हात लागतो, जरूर करा. पण ताठर पाय जोर लावून ओढू नका.

स्टेम सेलच्या जाहिरातींबद्दल दर महिन्याला कोणीतरी विचारते. सेरेब्रल पाल्सीसाठी ही मान्यताप्राप्त उपचारपद्धती नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती फक्त मंजूर चाचणीतच देता येते आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. लाखांचा आकडा सांगितला तर तिथूनच परत या.

देवळीकरांसाठी सोय अशी: वर्ध्याच्या वाटेवर सावंगी मेघे येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, आणि पुढे सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, बालरोग, अस्थिरोग आणि फिजिओथेरपी एकाच आवारात मिळते. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. तेही मुलाला पुढे पाठवू शकते.

जेवण, झटके, उन्हाळा

आडवे झोपवून भरवू नका. मूल शक्य तितके सरळ बसलेले, मान किंचित पुढे, घास लहान. मान मागे पडली की अन्न श्वासनलिकेकडे जाते आणि वारंवार न्यूमोनिया होतो. पाण्याने ठसका लागत असेल तर दाटसर पेज, घट्ट वरण सोपे जाते. एका जेवणाला तास लागत असेल आणि वजन वाढत नसेल तर ती आईची चूक नाही, डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे. बद्धकोष्ठता यांच्यापैकी पुष्कळांना असते आणि तिच्यामुळे ताठरपणाही वाढतो.

चारातल्या एका मुलाला झटके येतात. औषध संपले म्हणून चार दिवस बंद, असे करू नका. अचानक बंद केल्याने लांब चालणारा झटका येतो. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णालय.

आपल्याकडचा मे महिना या मुलांसाठी वेगळा कठीण. तहान लागली हे सांगता येत नाही, अंग सतत ताठर असल्याने पाणी जास्त लागते. कापसाच्या किंवा भाजीच्या वावरात झाडाखाली निजवून कामाला जाणाऱ्या आयांना मी पर्याय देऊ शकत नाही, पण दर तासाला थोडे पाणी एवढे पाळा.

आणि कारण नसताना मूल रडत असेल, झोपत नसेल, तर दुखणे शोधा: दात, कान, खुबा, पोट. या मुलांत वेदना फार सामान्य आहे आणि ती "स्वभाव" म्हणून सोडून दिली जाते.

कागदपत्रे आणि शाळा

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा स्पष्ट उल्लेख आहे. ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते आणि वैश्विक ओळखपत्र मिळते. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक योजना लागू होतात: संजय गांधी निराधार योजना, एसटीच्या भाड्यात सवलत, साहित्य. लहान वयातले प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे असते, तारीख पाहून ठेवा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च येतो. या योजनेची माहिती फार थोड्या घरांना असते.

शाळा मुलाला नाकारू शकत नाही. शाळेपर्यंत नेणे खरोखर शक्य नसेल तर समग्र शिक्षामधून विशेष शिक्षक घरी येऊ शकतात, पण तो शेवटचा पर्याय ठेवा. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, त्यासाठी शाळेने वेळेत अर्ज करायला हवा.

मूल 18 वर्षांचे झाले की कायद्याने ते प्रौढ होते आणि त्याच्या वतीने सही करण्याचा आईवडिलांचा अधिकार आपोआप संपतो. ते स्वतः निर्णय घेऊ शकत असेल तर काही करायची गरज नाही. बँकेत त्याची सही किंवा अंगठा चालतो. निर्णय घेता येत नसतील तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. वर्ध्याला जाऊन हे काम आई-वडील दोघेही धडधाकट असतानाच करून घ्या.